‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज फेटाळला. आता महापालिकेचा हिशेब मागायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रभागातला एकच रस्ता तीन वर्षांत दोनदा उखडून पुन्हा केला गेला. तुम्ही माहिती अधिकारात अर्ज टाकलात. त्यात पाच वर्षांत प्रभागातल्या सगळ्या रस्त्यांवर झालेला खर्च, ठेकेदारांना दिलेली बिले, कामावर देखरेख करणाऱ्या अभियंत्यांची नावे आणि त्यांची मालमत्ता, असे सगळे एका दमात विचारलेत. खर्चाबद्दल उत्तर आले ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ आणि बाकी सगळ्यावर ‘वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ) नुसार नाकारण्यात येत आहे’ असा शेरा. आता अपील करावे का, छापील अंदाजपत्रकातून काही हाती लागते का आणि पुढे कागद मिळालेच तर तुमच्या गटाने ते सगळ्यांसाठी खुले करावेत का, असे तुम्ही विचारता आहात.

माझी सगळी नोकरी एका महापालिकेच्या लेखा विभागात गेली. बिल तपासायचे, लेखाशीर्षात (म्हणजे अंदाजपत्रकात त्या प्रकारच्या खर्चासाठी ठेवलेल्या खात्यात) शिल्लक आहे का बघायचे आणि फाईल एक तर पुढे पाठवायची, नाही तर शेरा मारून परत करायची. निवृत्तीनंतर नागरिकांच्या गटांना त्याच फायली वाचायला शिकवतो. उत्तर थोडे लांबेल, कारण ‘अपील करा’ एवढे सांगून तुमचे काम होणार नाही. तुमचा अर्ज ज्या पद्धतीने लिहिला गेला, त्या पद्धतीने अपिलातही तो पडेल.

आधी पहिल्या नकाराबद्दल. ‘संकलित स्वरूपात नाही’ हे उत्तर टोलवाटोलवीचे वाटते, पण बहुतेक वेळा ते खरे असते. महापालिकेत पैसा प्रभागाच्या रस्त्यांप्रमाणे नोंदवला जात नाही. तो लेखाशीर्षाप्रमाणे आणि कामाच्या फाईलप्रमाणे नोंदवला जातो. तुमच्या प्रभागातला एक रस्ता पथ विभागाच्या मुख्य लेखाशीर्षातून झाला असेल, दुसरा क्षेत्रीय कार्यालयाच्या देखभाल-दुरुस्तीतून, तिसरा आमदार निधीतून. हे सगळे जुळवून तुम्हाला तक्ता करून द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. माहिती अधिकारात अस्तित्वात असलेला कागद मिळतो, नवा तयार करून मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा जो कागद कार्यालयात नक्की आहे तो त्याच्या नावाने मागा. कागदाचे नाव कळायला आधी अंदाजपत्रक वाचावे लागते.

महापालिकेचे अंदाजपत्रक वाचायला बसलात की पहिल्या पानावरचा मोठा आकडा सोडून द्या. २०२५-२६ साठी मुंबईचा आकडा सुमारे ७४,४२७ कोटींचा होता, पुण्याचा सुमारे १२,६१८ कोटींचा. वर्तमानपत्रांचे मथळे त्यावर झाले. हा आकडा इच्छेचा असतो. प्रत्येक लेखाशीर्षासमोर स्तंभ असतात: मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज. नागरिक शेवटचा स्तंभ वाचतात. लेखा विभागातला माणूस पहिला वाचतो. एखाद्या रस्त्यासाठी सलग तीन वर्षे दोन कोटी ठेवले आणि प्रत्यक्ष खर्च दरवर्षी शून्य किंवा लाखभर दिसला, तर ते काम फक्त कागदावर जिवंत ठेवलेले आहे. याउलट मूळ अंदाज पन्नास लाख आणि सुधारित अंदाज दीड कोटी असेल, तर अधेमधे कुठून तरी पैसा आणून तिथे टाकला गेला. तो कुठून आला हे शोधायचे.

त्या हालचालीला पालिकेच्या बोलीत ‘वर्गीकरण’ म्हणतात. एका कामासाठी ठेवलेली तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवायची. प्रस्ताव स्थायी समितीपुढे किंवा सर्वसाधारण सभेपुढे जातो आणि बहुतेक वेळा चर्चेविना मंजूर होतो. शाळेच्या स्वच्छतागृहाची तरतूद कमी होऊन पेव्हर ब्लॉक बसवायला जाते ती इथे. अंदाजपत्रकाच्या सभेला पत्रकार येतात, फोटो निघतात. वर्गीकरणाच्या विषयपत्रिकेकडे कोणी ढुंकून बघत नाही. तुमच्या गटाला वर्षातून एकच काम करायचे असेल, तर वर्षभरातल्या सगळ्या वर्गीकरणांचे ठराव गोळा करा. ठराव हा सार्वजनिक कागद आहे, त्यात कोणाचे काही वैयक्तिक नसते.

अंदाजपत्रक फुगते कशामुळे, हेही माहीत असलेले बरे. वर्षअखेर शिल्लक दाखवावीच लागते, तूट मांडता येत नाही. आयुक्त आपले अंदाजपत्रक मांडतात, मग स्थायी समिती त्यात आपली कामे वाढवते. खर्च वाढला की जमेची बाजूही वाढवावी लागते. मालमत्ता कराची वसुली आणि बांधकाम परवानगीचे शुल्क यांचे अंदाज मग फुगवले जातात. प्रत्यक्षात तेवढे पैसे येत नाहीत. जानेवारीपासून बिलांची रांग लागते, आणि कोणाचे बिल आधी निघेल हे जो ठरवतो, त्याच्या हाती खरी सत्ता येते. ‘मार्च एंड’ला लेखा विभागाबाहेर ठेकेदारांची जी गर्दी दिसते, तिचे मूळ आदल्या वर्षीच्या फुगलेल्या जमेत असते.

राज्यातल्या बऱ्याच महापालिकांत मार्च २०२२ च्या आसपास मुदत संपल्यापासून जवळजवळ चार वर्षे लोकनियुक्त सभागृह नव्हते. प्रशासकच प्रस्ताव मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार. नगरसेवक असताना सगळे स्वच्छ होते, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला मी फार फायली पाहिल्या आहेत. पण विरोधी पक्षातला एखादा नगरसेवक सभेत उठून ‘हे काम गेल्या वर्षीच झाले होते ना?’ एवढे विचारायचा आणि ते इतिवृत्तात यायचे. त्या काळातल्या ठरावांत ते नाही. तुमचा रस्ता त्याच काळातला दिसतो, तेव्हा सभेच्या इतिवृत्तात फारसे सापडणार नाही. थेट कामाच्या फाईलकडे जा.

एका कामाच्या फाईलमध्ये कागदांची साखळी असते. पूर्वगणनपत्रक म्हणजे एस्टिमेट, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, करारनामा, कार्यादेश म्हणजे वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका, चाचणी अहवाल, देयके आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. साखळीतली एखादी कडीच गायब असणे, हा बहुतेक वेळा सर्वांत मोठा पुरावा असतो. मुंबईचे उदाहरण घ्या. राज्य सरकारच्या विनंतीवरून कॅगने, म्हणजे देशाच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, मुंबई महापालिकेच्या नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या सुमारे १२,००० कोटींच्या कामांची तपासणी केली आणि त्याचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडला गेला. त्यात सुमारे २१४ कोटींची २० कामे निविदा न काढता दिल्याचे नोंदवले आहे. सुमारे ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत पालिका आणि ठेकेदार यांच्यात करारनामाच झालेला नव्हता. करारनामा नसेल तर काम बिघडल्यावर ठेकेदाराला धरणार कशाच्या आधारावर? कॅगने हे काही गुप्त तपास करून काढलेले नाही. फाईल उघडली आणि जो कागद असायला हवा तो आहे का ते बघितले. हे तुम्हालाही करता येते.

विनानिविदा कामाची वाट कायद्यातच आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या अनुसूची ड मधला ‘५(२)(२)’ हा नियम पुण्या-पिंपरीकडे शिपायालाही पाठ असतो. अपवादात्मक परिस्थितीत निविदेशिवाय काम देण्याची ती तरतूद. प्रस्तावात हा क्रमांक दिसला की त्याखालचे कारण वाचा. ‘तातडीची बाब’ एवढेच लिहिले असेल, तर ती तातडी केव्हापासून माहीत होती ते विचारा. पावसाळा दरवर्षी जूनमध्ये येतो, त्यासाठी मे महिन्यात अपवाद लागू नये. दुसरी युक्ती कामाचे तुकडे पाडण्याची. ई-निविदेच्या मर्यादेच्या थोड्याच खालच्या रकमेची तीन-चार कामे, एकाच गल्लीत, एकाच आठवड्यात, ‘अमुक घरापासून तमुक घरापर्यंत’ अशा वर्णनांनी. यादी रकमेच्या क्रमाने लावली की हे आपोआप उघडे पडते.

आता मोजमाप पुस्तिका. कार्यालयात सगळे ‘एमबी’ म्हणतात. माझ्या मते पालिकेतला सर्वांत महत्त्वाचा कागद हाच. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी मोजायची, पुस्तिकेत लिहायची, वरच्याने ठरावीक प्रमाणात फेरतपासणी करायची, आणि त्या नोंदीवरून बिल बनायचे. एमबी वाचताना तारखा बघा. खोदाई, खडीचा थर, काँक्रीट अशा सगळ्या नोंदी एकाच दिवशी, एकाच पेनाने, एकाही खाडाखोडीशिवाय असतील, तर त्या जागेवर लिहिलेल्या नाहीत. काँक्रीटला पाणी मारायलाही काही दिवस लागतात. मग टेप घेऊन रस्त्यावर जा. लांबी-रुंदीत सहसा फरक सापडत नाही, कारण ती कोणीही मोजू शकतो हे सगळ्यांना माहीत असते. फरक असतो जाडीत आणि न दिसणाऱ्या बाबींत. सर्वांत मऊ बाब म्हणजे खोदलेली माती आणि राडारोडा वाहून नेणे. किती घनमीटर निघाले आणि किती किलोमीटरवर टाकले, हे नंतर कोणालाच तपासता येत नाही. तिथे अंतर वाढवले की दर वाढतो. तुमच्या शहरात राडारोडा टाकायची जागा सहा किलोमीटरवर असेल आणि बिलात अंतर अठरा किलोमीटर असेल, तर तुम्हाला वेगळा तज्ज्ञ लागत नाही. जाडीसाठी ‘कोअर टेस्ट’चा, म्हणजे रस्त्यातून नळीसारखा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा अहवाल मागा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आहे. तो वापरणारे फार थोडे.

तुमच्या रस्त्यासाठी मात्र दोन गोष्टी एमबीच्याही आधी बघायला हव्यात. पहिली, दोष दायित्व कालावधी, म्हणजे डीएलपी. करारात लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि तोवर त्याची सुरक्षा अनामत पालिकेकडे अडकलेली असते. तुमचा रस्ता तीन वर्षांत दुसऱ्यांदा झाला. पहिल्या कामाची डीएलपी संपली होती का? संपली नसेल, तर दुसऱ्या कामाला मान्यता मागताना प्रस्तावात काय लिहिले होते? आणि पहिल्या ठेकेदाराची अनामत कधी परत केली? अनामत परतीची नोंद लेखा विभागात असते आणि ती मागायचे कोणाच्या डोक्यात येत नाही.

दुसरी गोष्ट खोदाईची. गॅस, वीज, केबलवाली कंपनी चर खोदते तेव्हा रस्ता पूर्ववत करण्यासाठी पालिका तिच्याकडून आधीच शुल्क वसूल करते. तो पैसा जमा बाजूला एका लेखाशीर्षात बसतो. नंतर तोच रस्ता दुसऱ्याच लेखाशीर्षातून ‘नव्याने’ केला जातो. खोदाईचे परवाने आणि वसूल शुल्क एका बाजूला, दुसऱ्या कामाचे एस्टिमेट दुसऱ्या बाजूला, असे ठेवून बघा. एकाच खड्ड्याचे पैसे दोनदा मोजले गेले का, हे या दोन कागदांतून कळते.

आता हे कागद मागायचे कसे. अर्ज करण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन फाईल पाहा. राज्य शासनाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी काढलेल्या आदेशानुसार जिल्हा पातळीवरची कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. पुणे महापालिकेत ही पद्धत आधीपासून होती, तीच राज्यभर नेली. काही कार्यालयांत ‘असा काही आदेश आमच्याकडे नाही’ असे ऐकावे लागते. आदेशाची प्रत सोबत ठेवा आणि शांतपणे पुढे करा. भांडू नका, समोरचा बहुधा लिपिक असतो आणि त्यालाही वरून विचारणा होईल या धाकात तो असतो. फाईल पाहिली की तुम्हाला कार्यादेश क्रमांक, एमबी क्रमांक, देयक क्रमांक मिळतात. मग अर्ज अचूक होतो.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. शुल्क १० रुपये, प्रतीसाठी पानाला २ रुपये. तुमच्या मूळ अर्जात चार विषय होते. असा लिहा:

‘विषय: अमुक रस्त्याचे काम, कार्यादेश क्रमांक अमुक, आर्थिक वर्ष अमुक. पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात: मंजूर पूर्वगणनपत्रक, करारनामा व कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील या कामाची पाने, अदा केलेली सर्व देयके, चाचणी अहवाल, दोष दायित्व कालावधीची नोंद व सुरक्षा अनामत परत केल्याचा दिनांक. कोणाचाही मोबाइल क्रमांक, निवासी पत्ता, पॅन, आधार वा बँक खाते क्रमांक मला नको. असा मजकूर कलम १० नुसार झाकून उर्वरित प्रत द्यावी.’

शेवटची दोन वाक्ये आता फार कामाची आहेत. का, ते सांगतो.

कलम ८(१)(ञ), ज्याला सगळे ‘आठ-एक-जे’ म्हणतात, पूर्वी सरसकट नकार देऊ देत नव्हते. मागितलेल्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला येतो, असे असेल तरच नकार, आणि त्यावरही व्यापक जनहित असेल तर माहिती द्यायची, अशी त्याची रचना होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने ही सगळी चाळणी काढून टाकली. आता तिथे उरले आहे एवढेच: वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. त्याच कायद्यात तुमचा-माझा डेटा गोळा करणाऱ्यांवर जी मुख्य बंधने आहेत, त्यांना मात्र दीड वर्षाची सवलत दिली गेली. नागरिकाचे रक्षण नंतर, नागरिकाचा प्रश्न बंद आधी. शिवाय केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देता येते. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, ते सरकारपासून व्यक्तीला वाचवण्यासाठी. त्याच हक्काचे नाव घेऊन ठेकेदाराचे बिल झाकले जावे, हे मला पटत नाही.

पण दार पूर्ण बंद झालेले नाही, आणि तुमच्या अपिलाचा जीव इथेच आहे. कलम ८(२) तसेच आहे: संरक्षित हितसंबंधांना होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठे असेल तर सार्वजनिक प्राधिकरण माहिती देऊ शकते, कलम ८(१) मध्ये काहीही असले तरी. कलम १० आहे: जेवढे झाकायचे तेवढे झाकून बाकीचे द्या. आणि कलम ४(१)(ख) ला कोणी हात लावलेला नाही. त्यातल्या १७ बाबींमध्ये अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका आहे, त्यांचे मासिक वेतन आहे, अनुदान योजनांची अंमलबजावणी व लाभार्थ्यांचा तपशील आहे, दिलेल्या परवान्यांचा तपशील आहे. ही माहिती न मागता प्रसिद्ध करायची, असे कायदाच सांगतो. मग मागितल्यावर ती वैयक्तिक कशी होते, हा प्रश्न सुनावणीत विचारा.

तुमच्या बाबतीत आणखी साधा मुद्दा आहे. डेटा संरक्षण कायद्यात वैयक्तिक डेटा म्हणजे ओळखता येणाऱ्या व्यक्तीबद्दलचा डेटा, म्हणजे हाडामांसाच्या माणसाबद्दलचा. खासगी मर्यादित कंपनीने पालिकेला दिलेले बिल त्यात बसत नाही. ठेकेदार एकट्याच्या नावावर धंदा करत असेल तर वाद घालायला थोडी जागा आहे, म्हणूनच पॅन आणि खाते क्रमांक आधीच सोडून द्यायचे. कनिष्ठ अभियंत्याची एमबीवरची सही हे त्याचे पदाचे काम आहे, घरचे नाही.

अभियंत्यांच्या मालमत्तेचा भाग मात्र अपिलातून वगळा. गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच कर्मचाऱ्यांची मालमत्ता, सेवेतल्या नोटिसा वगैरे वैयक्तिक मानले होते. तेव्हा जनहिताची वाट तरी होती, आता ती अरुंद झाली. आणि खरे सांगायचे तर त्या विवरणपत्रात तुम्हाला काही सापडणारही नाही. कोणी लाचेचा फ्लॅट विवरणपत्रात लिहीत नाही. माणसाच्या मागे लागलात की सगळे कार्यालय एक होते. कामाच्या मागे लागलात की आतलाच कोणी तरी ‘एमबी क्रमांक चुकीचा लिहिलाय तुम्ही’ असे हळूच सांगतो.

पहिले अपील नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत, २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. अपिलीय अधिकारी त्याच कार्यालयातला वरिष्ठ असतो, त्यामुळे तिथे काय न्याय मिळणार असे लोक म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. सुनावणीला फाईल टेबलावर येते, आणि चार लोकांसमोर ‘हे बिल वैयक्तिक आहे’ असे तोंडाने म्हणणे लिहिण्याइतके सोपे नसते. बऱ्याच सुनावण्या ‘बरं, फाईल पाहून घ्या’ यावर संपतात. कलम ८(२) चा निर्णय प्राधिकरण म्हणून घ्यायचा असल्याने तो मुद्दा मांडायची जागाही हीच. दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे करता येते, ते जरूर करा, पण त्यावर विसंबून बसू नका. २०२४ मध्ये महाराष्ट्र आयोगाकडे पडून असलेली अपिले व तक्रारी लाखाच्या वर होत्या. विलंबाबद्दल माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ती क्वचित वापरली जाते.

लेखापरीक्षण अहवाल लोक विसरतात. पालिकेचा मुख्य लेखापरीक्षक वर्षभर आक्षेप काढत असतो. त्यांना उत्तरे द्यायची असतात आणि वर्षानुवर्षे दिली जात नाहीत. तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाबाबतचे प्रलंबित आक्षेप मागा. आतल्याच माणसाने काढलेली चूक तयार मिळते, आणि तिच्यावर कोणी राजकारणाचा शिक्का मारू शकत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, कागद खुले करण्याचा. कामाचे कागद, ठराव, एमबी, बिले जरूर खुली करा, वर सांगितलेले क्रमांक झाकून. सहीचा नमुनाही झाकावा असे माझे मत आहे. लाभार्थ्यांच्या याद्या मात्र तशाच्या तशा टाकू नका. मे २०१७ मध्ये एका संशोधन संस्थेने दाखवले होते की चार सरकारी संकेतस्थळांवर मिळून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडले होते. त्यात रोजगार हमी आणि निवृत्तिवेतन योजनांची संकेतस्थळे होती. पारदर्शकतेच्या नावाखाली विधवा पेन्शन घेणाऱ्या बाईचा खाते क्रमांक जगासमोर. ती माहिती तपासायची तर वस्तीत बैठक घेऊन यादी वाचून दाखवा. मेलेल्या माणसाच्या नावे पेन्शन निघत असेल तर शेजारीच सांगतात. राजस्थानात नव्वदच्या दशकात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाईत हेच केले, आणि माहिती अधिकाराची चळवळ तिथूनच उभी राहिली. आपल्याकडे महापालिका कायद्यात २००९ मध्ये क्षेत्र सभेची तरतूद आली, तीत मतदारांनी बसून असेच करायचे होते. ती कागदावरच राहिली. तुमच्या नव्या नगरसेवकाला तिच्याबद्दल विचारून बघा, चेहरा पाहण्यासारखा होईल.

याच धाग्यात एक गोष्ट सुचवतो. अनेक शहरांत मालमत्तांचे सर्वेक्षण खासगी संस्थेकडून करून घेतले गेले. घरोघरी फोटो, मोबाइल क्रमांक, भाडेकरूंची नावे. तुमच्याकडे झाले असेल, तर त्या संस्थेशी केलेला करारनामा मागा आणि त्यात डेटा कोणाच्या मालकीचा, काम संपल्यावर तो नष्ट करायचा की नाही, दुसऱ्याला देता येतो का, ही कलमे वाचा. पालिका तुमच्याबद्दल काय जमवते हा प्रश्न तिच्या खर्चाइतकाच तुमचा आहे. आणि हा करार मागताना ‘वैयक्तिक माहिती’ असे उत्तर आले तर ते जपून ठेवा, अपिलात त्याचा चांगला उपयोग होईल.

एक खबरदारी. तळेगाव दाभाड्याच्या सतीश शेट्टींचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. ते जमिनीचे व्यवहार माहिती अधिकारातून उघडे करत होते. रस्त्याच्या बिलात तेवढी जोखीम सहसा नसते, पण एकट्याच्या नावावर सगळे अर्ज नकोत. तिघा-चौघांच्या नावे वेगवेगळ्या कामांचे अर्ज द्या, आणि आलेले कागद त्याच दिवशी गटातल्या सगळ्यांकडे जाऊ द्या.

अपिलाचे ३० दिवस मोजायला तुमच्या नकाराच्या पत्रावर जी तारीख आहे, त्यापेक्षा पाकिटावरचा टपालाचा शिक्का आणि तुम्हाला पत्र मिळाल्याचा दिवस बघा. ते पाकीट फेकू नका. येत्या सोमवारी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन दोन्ही कामांचे कार्यादेश क्रमांक आणि पहिल्या कामाची अनामत परत केल्याची नोंद तेवढी बघून या. मग अपील आणि नवा अर्ज दोन्ही एकाच दिवशी द्या. अपिलात फक्त बिले ठेवा, करारनामा आणि बाकीचे नव्या अर्जात.